मडक्यातली बाटली

पोशेरा
शिमगा झाला, बाजाराच्या आदल्या दिवशी

गौरे,

आशीर्वाद मागाहून. आधी कामाचं.

मी तुला परत बोलवायला लिहीत नाही. हे पहिलंच सांगून टाकते, म्हणजे तू कागद चुलीत घालणार नाहीस. फोन तू उचलत नाहीस, ते बरंच करतेस. फोनवर माझं तोंड सुटतं. कागदावर एकेक अक्षर काढेपर्यंत शिवी थंड होते. साक्षरतेच्या वर्गाला मी जायची ती गप्पा मारायला, त्यातून जे अंगाला चिकटलं त्यावर हे चाललंय. तू आश्रमशाळेत नववीपर्यंत गेलीस, चुका काढशील. काढ.

काम असं. सुईत औषध कुठवर ओढायचं?

नवशा म्हणतो मला माहीत आहे. त्याला काही माहीत नाही. काल बघितलं, सुई उन्हाकडं धरून डोळे बारीक करत होता, मी दोरा ओवताना करते तसे. रेषा त्याला दिसत नाहीत. मग अंदाजानं ओढतो आणि पोटाला टोचतो. मला विचारलंस तर अंदाजानं मीठ घालावं, औषध नाही. तू होतीस तेव्हा तूच ओढायचीस, म्हणून आम्ही कोणी बघितलं नाही. आता बघायला गेले तर माझे डोळे त्याच्यापेक्षा वाईट.

औषधाची बाटली गार मडक्यातच आहे. तू गेलीस तशीच, ओल्या वाळूत अर्धी पुरून, वर फडकं. फडकं मी भिजवते. वाळू पण बदलली, नदीची आणली. एवढं कळतं मला.

रुपीच्या कपाळाची खोक भरली का? पोरीला हळद लावत जा. नवशाला अजून वाटतं ती उंबऱ्यावर पडली. त्यानं तांब्या फेकला ते त्याच्या डोक्यातून पुसलं गेलंय. तू साखरेचं पाणी घेऊन उभी होतीस, तो तुला म्हणाला, विष देतेस का मला, ते पण पुसलं गेलंय. मी सांगितलं नाही. तू सांगायची असशील तर तू सांग, मला त्यात घेऊ नको. गाव म्हणतं नवशा प्यायला होता. पीत असता तर बरं होतं, गौरे. पिणाऱ्याच्या बायकोला कधी घाबरायचं ते कळतं, बाटली दिसते. आपल्याला काय दिसतं? साखर उतरली की तो दुसराच कोणी होतो, आणि उतरलेली कळते तेव्हा तांब्या हातातून सुटलेला असतो.

साखरेचा रोग म्हणे. या घरात साखर यायची ती पाहुणा आला तर, आणि पाहुणा गेला की उरलेली मी डब्यात लपवायची. गोड खाल्लं ठाण्याच्या लोकांनी आणि रोग आला पोशेऱ्याला.

मुंग्या पहिल्यांदा मला दिसल्या होत्या, आठवतं का. वीटभट्टीवरून आला तो वाळून काडी झालेला, हंडा तोंडाला लावून पाणी प्यायचा. घरामागं जिथं मुतायचा तिथं मुंग्यांची रांग. मी हसले होते. म्हटलं, बायकोला नाही, मुंग्यांना तरी तुझ्यात काही गोड दिसलं. तू पण हसली होतीस. नंतर या घरात कोणी तसं हसलं नाही.

तुझ्या जागेवर मी अंथरूण ओढलंय. त्याचा श्वास ऐकते. तू हे वर्षभर केलंस आणि दिवसा शेतात पण गेलीस. कशी, ते विचारत नाही.

सुईचं तेवढं कळव. हा कागद माघ्याच्या जीपनं जव्हारला आणि तिथून दाभोशाला, तुझ्या माहेरी येईल. तो वाचणार नाही. वाचता येतं त्याला, पण तेवढा दम नाही.

तुझी सासू
ठकी

*

पोशेरा
पाडवा उलटला

गौरे,

माघ्यानं तुझी पुडी दिली. चिठ्ठी नव्हती. ठीक आहे. रिकामी सुई, आणि तिला जिथवर औषध ओढायचं तिथं काळा दोरा बांधलेला. सकाळचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. हे मला सुचलं नसतं. पण दोरा घसरतो, म्हणून मी बांबूची काडी तासली आणि तुझ्या दोऱ्यावरून तिला दोन खाचा पाडल्या. आता सुईला काडी लावायची, नखानं खाच चाचपायची. डोळे लागतच नाहीत. नवशा म्हणाला, "आये, तू दवाखान्यात नोकरीला लाग." मी म्हटलं, "तुझ्या एकट्याचा दवाखाना सांभाळून वेळ उरला की लागते."

आणि तुझा निरोप माघ्यानं शब्दाला शब्द सांगितला. सुई टोचली की ताट पुढं पाहिजे, ताट नसेल तर सुई नाही. त्याला रानात एकटं सोडू नका.

नाही सोडत. मोह वेचायला जातो तर मी मागं.

"आये, तू कुठं?"

"मोह वेचायला."

"काल म्हणालीस गुडघे गेले."

"गुडघे घरी ठेवून आलेय. चल पुढं."

मग म्हणतो, "पदराच्या गाठीत काय?"

"तंबाखू."

"तुझ्या तंबाखूला मुंग्या लागल्यात," म्हणाला आणि पुढं चालत राहिला. बघितलं तर खरंच, पाठीवर रांग. साखर बांधून हिंडायची म्हणजे हे आलंच. आता पिशवीत बांधून गाठ मारते.

एक सांगते, तुला माहीतच आहे, तरी सांगते. भाताच्या गावात माणसाला भात मोजून वाढायचा, याच्यासारखं पाप नाही. मी वाढते तेव्हा तो माझ्या हाताकडं बघतो. एवढा मोठा बाप्या. मी पण मग माझं ताट कमी करते, त्याच्यादेखत जास्त खाववत नाही. नागलीची भाकरी दोघं खातो आणि दोघं उपाशी उठतो. लग्नाची बोलावणी आली, कुठंच गेलो नाही. पंगत कधी बसेल याचा भरवसा नाही, आणि सुई पंगतीसाठी थांबत नाही. लोक म्हणतात ठकीला गर्व आला.

चंदू आला होता. थोरला भाऊ, तुझा सासरा, गेल्यापासून बोहाड्यातल्या देवांच्या सोंगांचं सगळं तोच बघतो, म्हणून जरा छाती काढून बसतो हल्ली.

"वहिनी, भैरोबा यंदा कोणाच्या डोक्यावर?"

"दरसाल ज्याच्या त्याच्या."

"गाव विचारतंय. सुईवरच्या माणसाला झेपंल का?"

"गावाला म्हणावं, तुम्ही तुमच्या बायकांना झेपता का ते आधी विचारा."

तोंडातून गेलं. गेलं ते गेलं. चंदू हसला. पण मी नवशाकडं बघितलं आणि माझं हसू तिथंच मेलं. तो दारात उभा होता, खांबाला न टेकता. भट्टीवरून आल्यापासून त्याला मी असा उभा बघितला नव्हता.

"काका, सोंग मी घेणार," म्हणाला.

तुला आमच्या घराचं ठाऊक आहे. भैरोबाचा मुखवटा या घराचा. तुझ्या सासऱ्यानं नाचवला, त्याच्या बापानं नाचवला. एक साल दुसऱ्या घरात गेला की परत येत नाही. आणि नवशाला आता गावात कामाला कोणी हाक मारत नाही. झाडावर चढू नको, नदीवर जाऊ नको, बस. त्याला माणसात धरणारं एवढं एकच राहिलंय. मी कोणत्या तोंडानं नको म्हणू?

पण त्या दिवशी सोंग उतरेपर्यंत पोटात अन्न घालायचं नाही. आणि तू म्हणतेस ताट नसेल तर सुई नाही. आणि पुष्पा आशाताई म्हणते सुई चुकवायची नाही. तीन जणांचं तीन सांगणं आणि पोट एक.

मी घाबरले असं समजू नको. विचारते फक्त.

ठकी

*

पोशेरा
राब भाजून झाला

गौरे,

तू उत्तर दिलं नाहीस. माघ्या म्हणाला बाजारात गर्दीत भेटली, घाईत होती. असेल घाई.

आम्ही भाताच्या रोपासाठी राब भाजला. शेण, पालापाचोळा, वर माती, सगळं दरसालसारखं. फक्त दरसाल तिघं असायचो. नवशानं पायातली चप्पल काढून ठेवलीय. सोंग घेणाऱ्यानं बोहाडा होईपर्यंत पायात काही घालायचं नाही, तो आमचा नेमच. डॉक्टरनं त्याला चप्पल कायम घाल म्हणून सांगितलं होतं, तुझ्यासमोरच. मी तेव्हाच म्हटलं होतं, चप्पल घालून भात लावणारा शेतकरी मला दाखव. देवाच्या कामाला अनवाणी गेल्यानं कोणाचं वाईट झालेलं मी ऐकलं नाही.

उलट ऐक. राब धुमसत होता तर हा त्याच्यातून चालत गेला, कडेची फांदी आत लोटायला. खाली निखारे. मी ओरडले. त्याचं तोंड वाकडं पण झालं नाही. शांतपणे गेला, शांतपणे आला, राख झटकली. चंदू बांधावर उभा होता. त्यानं हात जोडले. म्हणाला, "वहिनी, भैरोबानं आत्तापासूनच पाय धरले त्याचे." गावभर झालं. आता कोणी विचारत नाही झेपेल का. उलट बाया लेकरं घेऊन येतात, नवशाच्या पायावर घालायला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

आता माझं विचारणं. ते नीट वाच.

पुष्पाशी बोलले. ती म्हणाली, त्या सकाळी सुई अर्धी टोचा आणि लपून पेज पाजा. नवशा म्हणतो देवाला फसवणार नाही. सुई टोचून घेईन, पेज पिणार नाही. मी शिव्या दिल्या, रडले नाही, ते माझ्याच्यानं होत नाही. त्यानं ऐकलं नाही.

तर मग त्याची साखर उतरणार. उतरली की काय होतं, ते तुला माहीत. घाम फुटतो, हात कापतात, डोळे फिरतात, भलतंच बोलतो. आणि सोंगात देव आला की काय होतं? घाम फुटतो, हात कापतात, भलतंच बोलतो. तेव्हा गाव हात जोडणार, सांबळवाला सांबळ आणखी जोरात वाजवणार, आणि कोणी हात लावणार नाही. देव अंगावर असताना मुखवट्याला हात लावत नाहीत, बाईनं तर नाहीच.

तू तोंड बघून ओळखायचीस. ओठाच्या कडा पांढऱ्या पडतात म्हणायचीस. आता लाकडी मुखवट्याखाली ओठ कुठून बघायचे? मला एवढंच सांग, तोंड न बघता कसं ओळखायचं.

आणि दुसरं. सोंग बांधायच्या आधी बायकोनं पाय धुवायचे असतात. घासून, तांब्याच्या पाण्यानं, टाचेपासून बोटांपर्यंत. ते तुझं काम. आई पोराचे पाय धूत नाही, वाईट असतं. यंदा कोण धुणार असं बाया मला विचारतात. मी सांगितलं, ज्याची त्याची बायको.

ये असं मी म्हणत नाही. पाय कोण धुणार एवढं विचारते.

ठकी

*

पोशेरा
उद्या बोहाडा

माघ्या आला. तुझा निरोप मिळाला. येणार नाही म्हणालीस, ते कळलं. राग नाही. असेल तर तो मी माझ्याजवळ ठेवते.

रुपीचा पण निरोप सांगितला त्यानं. म्हणाला, पोरगी जीपच्या पायरीवर चढून म्हणाली, "आजीला सांग, बाबाचं तोंड नको बघू. डावा पाय बघ. तो आधी विसरतो. मातीत घासतो. मग बाबा वेडा होतो."

मी दोनदा म्हणवून घेतलं त्याच्याकडून.

एवढीशी पोर. तिची उंची त्याच्या कमरेएवढी, म्हणून तिला पायच दिसत असणार. आपण वर तोंड बघत बसलो आणि ती खाली पाय बघत वाढली. कोणी शिकवलं तिला? कोणी नाही.

माघ्या आणखी म्हणाला, तुझी नात आहे का घोडी, माझी पाण्याची बाटली उभ्याउभ्या संपवली आणि परत मागितली. मी म्हटलं, तुझ्या जीपची धूळ खाल्ली की हत्ती पण पाणी मागेल.

पाय बघेन. डावा.

*

पोशेरा
बोहाडा झाला, दुसरा दिवस

गौरे,

जिवंत आहे. हे आधी.

बाकीचं सांगते. मध्ये मध्ये थांबेन.

सकाळी ऊन अंगावर आल्यावर भैरोबाचं सोंग निघालं. सुई मी दिली, काडी लावून, खाचेच्या निम्म्यापर्यंत. पेज घेऊन मागं मागं फिरले, तो प्यायला नाही. पाय त्याचे त्यानंच तांब्या ओतून ओले केले, उभ्याउभ्या, वरून. बाया बघत होत्या.

मुखवटा बांधला. सनई, सांबळ. काय नाचला तो, गौरे. बापासारखा. मला एकदा वाटलं बापच. सगळं गाव वर मुखवट्याकडं बघून हात जोडून उभं. मी एकटी खाली बघत होते. चंदूची बायको म्हणाली, "ठके, काही सांडलं का गं तुझं?"

"हो," म्हटलं.

देवळापासून पहिलं वळण ठीक गेला. पिंपळाशी पाय जड झाला. डावाच. मातीत घासला. मी म्हटलं, दमला असेल. परत घासला. मग सांबळाच्या ठोक्याला उजवा पडतोय आणि डावा मागून येतोय, उशीर झालेल्या पाहुण्यासारखा. आणि त्याच वेळी हात थरथरायला लागले. गावानं आरोळी दिली, देव आला. एका बाईनं तान्हं पोर त्याच्या पायाशी ठेवलं. सांबळ चढला.

मी आत शिरले.

चंदू आडवा झाला. "वहिनी, मागं हो. देव आहे."

"देव असेल तर गोड खाईल. सर."

"सोंग बाटेल."

"बाटू दे. बाटलेलं धुता येतं."

त्याला ढकलला की तो आपणहून सरला, सांगता येत नाही. मी पाठीमागची गाठ ओढली. सुटेना. दातानं सोडली. मुखवटा खाली आला तो मी धरला नाही, माझे हात त्याच्या तोंडात होते. साखर कोंबली हिरड्यांना, त्यानं बोट चावलं. मुखवटा मातीत पडला. सांबळ थांबला.

नवशा माझ्याकडं बघत होता. स्वच्छ. डोळे फिरलेले नव्हते. ओठ पांढरे नव्हते. तोंडातली साखर हातावर थुंकली आणि म्हणाला, "आये, हे काय केलंस."

दुसरं काही नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

पुष्पा धावत आली. तिनं बोट टोचून यंत्र लावलं. आकडा बघून म्हणाली, उतरलेली नाही, चढलेली आहे. खूप चढलेली. आणि वरून मी साखर घातली होती.

चंदूनं मुखवटा उचलला. धूळ पुसली. कोणाकडं न बघता आपल्या पोराच्या डोक्याला बांधला आणि सांबळवाल्याला हात केला. मिरवणूक पुढं गेली. आम्ही दोघं पिंपळाखाली राहिलो, आणि पुष्पा. या घरातला भैरोबा माझ्या दातांनी सुटला. पुढं कोणी विचारलं तर असंच सांग, उगीच गोड करू नको.

मग मला वास आला.

तो उठून घराकडं निघाला. मातीत त्याची पावलं उमटत होती. उजवं कोरडं. डावं ओलं. मी वाकून बोट लावलं. पाणी नव्हतं.

"थांब," म्हटलं. थांबला नाही. मी जाऊन त्याच्या पायात पडले तेव्हा थांबला, अडखळून. तळवा वर केला. गौरे, तू खूप बघितलंस, म्हणून लिहिते. अख्खा चवडा पिकलेला. कातडी सुटलेली, आत कोळशाचे तुकडे. राबाचे. त्या दिवसापासून आत. त्याच्यावर तो चालला, मोह वेचला, देवासारखा नाचला. मी विचारलं, दुखत नाही? तो म्हणाला, "काय दुखत नाय?" त्यानं स्वतः बघितलं आणि त्याचं तोंड जे झालं, ते निखाऱ्यावर झालं नव्हतं.

म्हणजे भैरोबानं पाय धरले नव्हते. पायच राहिले नव्हते, आतून बधिर. आणि आम्ही त्या पायावर लेकरं घातली.

रुपीनं बरोबर सांगितलं होतं, डावा विसरतो. मी त्याचा अर्थ साखर उतरल्याचा लावला. पुष्पा म्हणाली, आत पू झाला की ताप भरतो, हात कापतात आणि उपाशीपोटी पण साखर चढते.

पाय कोणी घासून धुतले असते तर दिसलं असतं. तुझ्यावर ढकलत नाही. घासायला दोन हात लागतात, ते माझ्याजवळ होते. आई पोराचे पाय धूत नाही म्हणे. लहानपणी त्याचे कोणी धुतले होते, चंदूनं?

माघ्या जीप घेऊन येतोय, जव्हारला नेतो. हा कागद त्याच्याजवळच देते.

ठकी

*

जव्हार
दवाखान्याच्या पायरीवर

गौरे,

बोटं काढली. डाव्या पायाची, अंगठा राहिलाय. डॉक्टर पोरगेलासा आहे, म्हणतो टाच वाचवायची बघू. बघू, म्हणतो. मी त्याला म्हटलं, बघू असं मी बाजारात भेंडीला म्हणते. तो हसला नाही. तेव्हा मला कळलं की भ्यायचं आहे.

नवशा बोलायला लागलाय, थोडं. काल म्हणाला, "आये, सोंग गेलं ना?" म्हटलं, गेलं. मग म्हणाला, "काकाचा पोरगा कसा नाचला?" म्हटलं, म्हैस चिखलात जाते तसा. तेव्हा जरा ओठ हलले. आणि तांब्याचं पण मी सांगून टाकलं त्याला. रुपीच्या कपाळाचं. तू सांग म्हणाले होते, पण तू इथं नाहीस आणि त्याला पडून राहण्यापलीकडं काम नाही. तो भिंतीकडं तोंड करून झोपला. नंतर म्हणाला, तिला इकडं आणू नका.

मी पण तेच लिहायला बसले होते. ऐक.

मी शिमग्यापासून तुला बोलावतेय. न बोलावल्यासारखं करून बोलावतेय, तुला कळलं असणारच, तू मूर्ख नाहीस. आता खरंच सांगते, येऊ नको. दाभोशाला तुझी आई आहे, भाऊ आहे, पोरीची शाळा आहे. इथं आलीस तर ती परत त्याच्या पायाकडं बघत बसेल. एका घरात किती माणसांनी एका माणसाकडं बघायचं? त्याच्याकडं बघायला मी आहे. रोज त्याचे दोन्ही पाय धुते, असलेला आणि उरलेला. बाजूच्या खाटेवरची बाई म्हणाली, अहो तुम्ही आई ना. म्हटलं, म्हणूनच.

असं सगळं लिहून कागद दुमडला. माघ्याला दिला. मग परत मागून घेतला.

त्याची ती पाण्याची बाटली डोक्यातून जात नाही.

मी त्याला इथं पायरीवर परत विचारलं, रुपी किती पाणी प्यायली होती रे? तो म्हणाला, "म्हातारे, सगळी प्यायली, आणि शेजारच्या बाईचा तांब्या पण. गौरावहिनी म्हणत होत्या, हल्ली अंथरूण ओलं करते, एवढी मोठी झाली तरी." त्याला त्यात हसण्यासारखं वाटलं. तो हसला.

उन्हाळा आहे. पाणी सगळेच पितात. बापाला सोडून आलेलं पोर अंथरूण ओलं करतं, ते पण होतं. नवशा पण करायचा, बाप गेला तेव्हा. मी म्हातारी आहे, डावा पाय बघून भलताच अर्थ लावणारी बाई आहे, सगळ्या गावानं बघितलंय. मी जे बघते ते खोटं निघू दे. आयुष्यात पहिल्यांदा मागते.

पण तू बघ. ती वाळली का, कपडे ढिले झाले का, ते बघ. सकाळी ती घरामागं जाते तिथं जाऊन खाली बघ. वाकून बघ.

मुंग्या नसल्या तर हा कागद चुलीत घाल, तिकडंच राहा. तिला पोटभर भात वाढ, न मोजता. बापाचे पाय विसरू दे.

असल्या तर कोणाला विचारत बसू नको, भगताकडं नको, आईला पण नको. तिला उचल आणि पहिल्या जीपनं इकडं ये. मी पायरीवरच आहे. आणि घाबरू नको म्हणणार नाही मी, घाबर. पण बाटली कुठं ठेवायची याची काळजी करू नको. मडकं मोठं आहे. दुसरी मावेल.

ठकी